स्क्रीनवरचा पुठ्ठ्याचा गणपती

बंडूभाऊंच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, उजवीकडे खाली कोपऱ्यात, गणपती चिकटवलेला होता. आतला फोटो नाही हं, खराखुरा पुठ्ठ्याचा! जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला, दोन्ही बाजूंनी टेप. मला वाटलं श्रद्धा असेल. विचारलं तर म्हणाले, "श्रद्धा कायची वं पोरी! त्या कोपऱ्यातून जाहिराती येतात. म्हून बाप्पाले दारात बसवलं."

मारेगावात आमच्या शेजारीच त्यांचं पत्रिकांचं दुकान. लग्न, बारसं, तेरवी, सगळं तिथंच. आणि अख्ख्या लाइनीत ऑपरेटिंग सिस्टिम पैसे देऊन घेतलेला हा एकच माणूस! बाकी सगळ्यांनी कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून टाकलेली. भाऊंनी तर बिल लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी टांगलं होतं.

आणि जाहिराती कोणाला? त्यांनाच! स्टार्ट दाबलं की गेम, फाइल उघडली की 'जास्त जागा घ्या', नुसतं बसलं तरी कोपऱ्यातून टुण्ण. भाऊ ओरडायचे नाहीत. चष्मा काढून स्क्रीनला शांतपणे विचारायचे, "मांडव माह्या, पंगत माही, आचारी माह्या. तू कोन बाप्पा? तुले कोनं बलावलं?"

मी यवतमाळला बीसीए करते. त्यांना म्हटलं होतं, "काका, हे सेटिंगमधून बंद होतं, परीक्षा झाली की करून देते." पण भाऊंना कुठला धीर! त्यांनी गणपती लावला आणि वर मलाच सांगितलं, "तुह्या सेटिंगपेक्षा माही टेप बरी."

आता त्यांची कामाची पद्धत ऐका, सगळा घोळ तिथंच आहे. पत्रिका छापायला जायची लोहारा गावातल्या प्रेसमध्ये. तिकडे फाइल उघडली की फॉन्ट तुटायचा, 'शुभविवाह'चे नुसते ठोकळे व्हायचे. म्हणून भाऊ पत्रिका पूर्ण स्क्रीनभर करायचे, प्रिंट स्क्रीन दाबायचे आणि तो फोटोच पाठवून द्यायचे. तपासायचे पण पूर्ण स्क्रीनभर करूनच. गणपती तिथंच!

लक्षात आलं ना? पुठ्ठ्यामुळे जाहिरात भाऊंना दिसायची नाही, पण फोटोत मात्र यायची.

आणि ती आली कधी? त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेत. प्राजूच्या!

मला होस्टेलवर व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. खाली किलबिल: 'आमच्या प्राजूताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि तिला अगदी चिकटून, निळ्या चौकटीत, 'तीस दिवस मोफत वापरून बघा. आवडलं नाही तर कधीही रद्द करा.'

मी तशीच एसटीत बसले. चारशे पत्रिका वाटून झाल्या होत्या! प्रेसवाल्याला वाटलं म्हणे, असेल कोणी प्रायोजक.

पोचले तर पांढरकवड्याचे इवाई, म्हणजे मुलाचे वडील, आधीच दुकानात. हातात पत्रिका, कपाळावर आठ्या. प्राजू आतल्या दारात, तोंड पांढरंफटक. मी परीक्षा परीक्षा करत बसले नसते तर!

"इवाई, हे काय होय?" ते म्हणाले. "कधीही रद्द म्हंजे काय? माह्या मोठा भाऊ विचारून राह्यला, पोरगी वापस नेतात का म्हने! म्या तं लग्नच थांबवाच्या इचारात हाओ."

दुसरा कोणी असता तर पाय धरले असते. भाऊंनी आधी भिंतीवरचं बिल काढून इवायांच्या हातात दिलं. मग टेप सोडवून गणपती अलगद उचलला. खाली तीच निळी चौकट, ताजी!

"पाहा जी. मी पैसे देऊन घर घेतलं, अन् हा घरासंगच आला. म्या बलावला नाई. झाकून ठेवला होता, तरी पोरीच्या मांडवात घुसला."

इवाई वाकून चौकट बघत राहिले. मग एकदम, "अरे! हा तं आमच्या पोराच्या लॅपटॉपवर बी येते!"

"तुमी बी पैसे देल्ले?"

"पूरे देल्ले जी!"

झालं! दोघं सख्ख्या भावांसारखे खुर्च्या ओढून बसले. "पोरी, काढ याले," भाऊ म्हणाले. मी एकेक बटण शोधून बंद करायला लागले. स्टार्टमधलं वेगळं, फाइलींचं वेगळं, लॉक स्क्रीनचं वेगळं. एकाचं नाव तर 'टिप्स आणि सूचना'.

"टिप्स कायच्या! चोरानं नाव बदललं म्हून साव होते काय?" भाऊ म्हणाले, आणि इवायांनी मांडीवर थाप मारली.

शेवटचं बटण बंद झालं. मग दोघं दहा मिनिटं नुसते कोपऱ्याकडे बघत बसले. चहाला साय आली.

"नाई आला."

"नाईच आला!" आणि गळाभेट!

"अन् माह्यं लग्न?" दारातून प्राजू.

दोघांनी दचकून मागे बघितलं. "हाय ना वं!" इवाई म्हणाले. "तुह्या बापानं काही लपवलं नाई. मले अजून काय पाह्यजे?"

लग्न झालं, मस्त झालं. वरातीतून भाऊ परत आले तोवर कॉम्प्युटर अपडेट झाला होता आणि सगळी बटणं पुन्हा चालू! मी रडकुंडीला. भाऊ मात्र वही घेऊन बसले, कुठलं बटण कुठं ते उतरवून घेतलं. "कपाशीत एकडाव निंदून भागते काय? गवत उगवनच. आपन निंदाचं." आता प्रत्येक अपडेटनंतर स्वतःच निंदतात, वहीत बघून.

परवा मी दुकानात होते तेव्हा त्यांनी प्राजूला फोन लावला, स्पीकरवर.

"प्राजू, तीस दिवस झाले वं."

पलीकडे प्राजू खुदकन हसली. मग लांबून इवायांचा आवाज आला, "रद्द नाई! सांग तुह्या बाबाले, रद्द नाई!"

भाऊंनी फोन ठेवला, चष्मा काढून डोळे पुसले आणि स्क्रीनच्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले, "आयकलं का बे?"