शाळेतलं दूध आणि जास्तीचे गिलास

सत्तर सालाच्या आसपास मी नागपुरात महाल वस्तीजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत दूध उकळायच्या कामावर होते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पावडरीची पोती यायची. सकाळी मोठ्या गंजात पाणी तापवायचं, पावडर कालवायची, गुठळ्या मोडायच्या आणि दहाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या गिलासात एक ओगराळं दूध घालायचं. काम मला आवडे, कारण त्यात बोलावं लागत नसे. मला चार माणसांत बोलता येत नाही. तेव्हा तर मी मोठ्या बाईंशीही दाराआडून बोलायची.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "जितके गिलास भरशील तितके चिंचोके टाक डब्यात. संध्याकाळी मला आकडा सांग." तेवढंच मी करत होते. महिन्याच्या शेवटी बाई तक्ता भरून वरच्या ऑफिसात पाठवत: पावडर किती आली, किती संपली, किती मुलं प्यायली.

त्या भागात विणकरांची घरं पुष्कळ. आई-बाप मागावर, म्हातारी सुताच्या कांड्या भरायला, मग घरचं लहान मूल थोरल्या मुलीच्या कडेवर. अशा सात-आठ मुली भावंडं घेऊनच शाळेत येत. वर्गात ती मागे बसत, रडली की मुलगी बाहेर घेऊन जाई. दुधाच्या रांगेतही ती असायची. त्यांनी गिलास पुढे केला की मी भरायची आणि चिंचोका टाकायची. मला वाटे, प्यायलं ते मोजायचं.

एक दिवस तपासणीला साहेब आले. मी खिडकीखाली दुधाचा गंज घासत होते. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बाई, हजेरीत बासष्ट मुलं आणि दूध प्यायले सत्तर? रोजच असं. हे आठ कोण?"

"पाहते साहेब. मोजण्यात काही चुकलं असेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"महिनाभर रोज एकच चूक? बाजारात ही पावडर काय भावानं जाते, माहीत आहे ना तुम्हाला? पावडर बाहेर विकली, असंच मला लिहावं लागेल."

बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाच्या पावडरीला हात लावला नसेल. घरचा चहासुद्धा घरून आणत. ते आठ गिलास कोणाचे हे फक्त मला माहीत होतं. बाईंनी रांग कधी पाहिलीच नव्हती, सुट्टीत त्या आत वह्या तपासत बसत.

माझे हात राखेनं भरलेले होते. तशीच उठले, दारात गेले. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहून म्हणाले, "साहेब, ते मी देते."

"काय देतेस? जोरानं बोल, बाई."

"लहान पोरं येतात ना, बहिणीच्या कडेवर. त्यायले देते. बाईले माहीत नाही."

"कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम नाही. गिलास समोर धरते त भरतो आपण."

साहेब हसले की काय कळेना, मी वर पाहिलंच नाही. त्यांनी दोन-तीन मुलींना बोलावून विचारलं. एकीनं कडेवरच्या बहिणीचं तोंड पुसत सांगितलं, "हो, मावशी देते इलेही." साहेबांनी माझं म्हणणं कागदावर लिहिलं, मी खाली सही केली. बाईंवर काही आलं नाही. पण जाताना साहेबांनी बजावलं, "हजेरीत नाव नाही त्याला दूध नाही. उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी रांगेत आठही लहानगी होती. मी ओगराळं त्यांच्या गिलासावरून पुढे नेलं. ती रडली. मी कोणाकडे पाहिलं नाही. बहिणी आपापल्या गिलासातून त्यांना पाजत होत्या. तोंड पुसणारी ती मुलगी चौथीत होती, हुशार. ती त्यानंतर आलीच नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई अंगणात सूत सोडवत होती.

"पोरीले काहून नाही पाठवत वं?"

"कशी पाठवू? धाकटी तिथं दुधासाठी रडते, इथं बहिणीसाठी. मी माग सोडून हिलेच पाहू का?"

"धाकटीलेही पाठव. मी पाहते तिले."

"तू? तुह्या तोंडातून तर शब्द निघत नाही, पोरीले काय रमवशील?" ती हसली.

"तिले कुठं बोलता येते अजून," मी म्हटलं. ती पुन्हा हसली, मीही.

मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि दूध?"

"दूध नाही देणार, बाई."

"मग ठीक."

दूध मी दिलं नाही. दहाच्या सुट्टीआधी माझ्या डब्यातली अर्धी भाकर वरणात कुस्करून धाकटीला भरवायची, मगच गंज उतरवायची. पोट भरलं की ती पोत्यावर झोपे. थोरली सुट्टीत येऊन डोकावे, झोपलेली पाहून गिलास सगळा स्वतः पिई आणि पळत वर्गात जाई.