शनिवारच्या पाळीचा करार

हुबळीच्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या मोठ्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनायचे. मालकांना सगळे अण्णा म्हणत. दाजीबानपेठेतल्या घरच्या कापडदुकानात त्यांचा जीव रमला नाही म्हणून त्यांनी कारखाना काढला, आणि दोन हजार सालानंतर जर्मनीतल्या एका लहान गावातला, डबघाईला आलेला व्हॉल्व्हचाच कारखाना विकत घेतला. मी त्यांच्याकडे इंजिनिअर होते, धारवाडच्या मळमड्डीहून रोज कंपनीच्या बसने यायचे. "काही महिने तिकडं राहून ये," म्हणाले. मी गेले.

तिथली शांतता मला सोसेना. संध्याकाळी भोंगा वाजला की यंत्रं बंद, माणसं सायकलींवर. मी एकटी रिकाम्या शेडमध्ये येरझाऱ्या घालायची. काहीतरी राहून जातंय असं सारखं वाटायचं.

अशात एक मोठी ऑर्डर आली. अण्णांचा फोन : "शनिवारी कारखाना चालू ठेव."

"इथं जादा पाळीला कामगारांच्या समितीची संमती लागते, अण्णा."

"मग विचार की."

"विचारलं. नाही म्हणाले."

"त्यांच्या वरचा कोण? कुणाला भेटायचं?"

वरचं कुणी नव्हतं, हे त्यांच्या गळी उतरेना. हुबळीत वीज अडली, परवानगी अडली की अण्णा कुणाला तरी भेटत, चहा होई, काम होई. मलाही तेवढंच माहीत होतं. तीन-चारदा फोन करून शेवटी ते स्वतःच विमानात बसले.

समितीची प्रमुख एक वयस्क बाई होती, लेथवर काम करणारी. तिला इंग्रजी येत होतं. अण्णांनी धारवाडी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे ठेवला. तिनं आभार मानले आणि उठून तो कँटीनमध्ये सगळ्यांसाठी ठेवून आली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"शनिवारी यायला आमची ना नाही," ती म्हणाली. "भीती वेगळी आहे. आम्ही घाईनं माल काढून देऊ आणि मग तुम्ही यंत्रं उचलून भारतात न्याल."

मी मराठीत सांगितलं. अण्णा ताठ बसले. "सांग तिला, माझा शब्द आहे. एक यंत्र हलणार नाही."

"शब्द चांगलाच आहे," ती म्हणाली. "पण उद्या मालक बदलला तर? करार करू."

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते तडक बाहेर पडले. नदीकाठच्या वाटेने भराभरा चालत सुटले, मी मागे.

"पेठेत आमच्या शब्दावर गाठीच्या गाठी कापड उचललं जायचं. आणि ही बाई मला करार शिकवते?"

"इथं पेठ नाही ना, अण्णा. इथं तुम्हाला ओळखतं कोण?"

बोलून गेले आणि वाटलं, हे बोलायला नको होतं. ते तसेच पुढे चालत राहिले.

सकाळी मात्र ते कराराला बसले, आणि बसले ते पेठेतल्या व्यापाऱ्यासारखे. एकेका कलमावर घासाघीस केली. यंत्रं हलवणार नाही, हे दिलं. त्या बदल्यात उन्हाळ्यात सगळ्यांनी एकदम सुट्टीवर जायचं नाही, हे मागून घेतलं. बाईही काही कमी नव्हती. शेवटी दोघं हसत होते. शनिवारी पाळी चालली, बाई स्वतःही लेथवर होती. माल वेळेवर गेला.

मी परत आले आणि माझी खरी तगमग सुरू झाली. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सुपरवायझर शेडमधून ओरडत जायचा, "उद्या यायचं!" इतकी वर्षं ते कानावरून जात होतं. आता अंगावर यायला लागलं.

"इथंही विचारायला हवं," मी अण्णांना म्हटलं.

"तिथलं तिथं, इथलं इथं. नोडोण," ते म्हणाले. नोडोण म्हणजे पाहू. आमच्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

मी पिच्छा सोडला नाही. घरी जेवताना डोक्यात तेच, बसमध्ये तेच, अण्णांच्या केबिनमध्ये गेले की तोंडात तेच. शेवटी एका शुक्रवारी वैतागून अण्णा स्वतः शेडमध्ये आले आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "रविवारी येणार का रे?"

सगळे सुपरवायझरकडे बघायला लागले. त्यांना यात काही डाव वाटला असावा. मग एक टर्नर चाचरत म्हणाला, "मेहुणीचं लग्न आहे, अण्णा. जमायचं नाही."

अण्णा म्हणाले, "मग लग्नाला जा की."

झालं! कुणाची शेतात मळणी, कुणाच्या घरी पाहुणे. नकारांची रांगच लागली. रविवारी कारखाना बंद ठेवावा लागणार हे उघड झालं. अण्णा माझ्याकडे वळले. "आता गिऱ्हाईकाला फोन तू कर."

मी केला. गिऱ्हाईक आधी ओरडलं, मग बुधवारपर्यंत थांबायला तयार झालं.

त्यानंतर अण्णा आठवड्याच्या मध्येच शेडमध्ये येऊन विचारू लागले. नेहमी नाही. घाईच्या दिवसांत विसरत, सुपरवायझरचा आवाज पुन्हा घुमे, आणि मी खुर्चीतून उठून त्यांच्या केबिनकडे निघायची.