सात पदार्थ आणि एक वाक्य

मरोळच्या एका छोट्या कारखान्यात मी टायपिस्ट होते आणि संध्याकाळी दादरला जपानी शिकत होते. कशासाठी, ते मलाही धड सांगता आलं नसतं. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे एक जपानी मशीन आलं, मागोमाग ते बसवून देणारे एक वयस्क जपानी इंजिनियर आले आणि माझं नशीब उघडलं. साहेब म्हणाले, "रविवारी त्यांना एका साध्या मराठी घरी जेवायचंय. तुझ्या घरी ने. तू बोलशील. नीट जमलं तर दुभाषी म्हणून तुलाच ठेवतो, नाहीतर फोर्टातून कुणालातरी बोलवावं लागेल."

आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. वहीत शब्द गोळा केले. थाटामाटासाठी 'गोका'. चैनीसाठी 'झेइताकु', पण क्लासच्या बाईंनी बजावलं होतं की त्याला उधळपट्टीचा वास येतो, जपून वापर. सढळ हातासाठी 'किमाए'. आणि दिलदार माणसासाठी 'फुतोप्पारा', म्हणजे शब्दशः जाड पोटाचा. आईची ओळख साहेबांसमोर जाड पोटाची म्हणून करून द्यायची माझी छाती नव्हती. तो मी खोडला. अतिरेकाला एकच मिळाला, 'ताबेसुगि', खाणं जास्त होणं. तो लागणार नाही अशी माझी खात्री होती.

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी सात पदार्थ शिजले. कोंबडी, वडे, तळलेली सुरमई, काजूची उसळ, सोलकढी, आणि आईला ऐन वेळी सुचलेले आणखी दोन. पाहुणे पाटावर ताठ बसले. साहेब शेजारी.

मग गाडी रुळावरून घसरली. पाहुण्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, कारण त्यांच्याकडे पानात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. आईने स्वच्छ ताट पाहिलं आणि वाढलं, कारण आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे माणूस उपाशी. त्यांनी पुन्हा संपवलं. तिने पुन्हा वाढलं.

"आये, पुरे गो," मी कुजबुजले.

"गप बस. ताट रिकामा झाला त्येचा. लाजता तो."

नवव्या वड्याला त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मी हळूच विचारलं, "ताबेसुगि?" त्यांनी गंभीरपणे मान हलवून नाही म्हटलं आणि दहावा उचलला. आता मात्र माझी वाट लागली. ह्यांना काही झालं तर माझी नोकरी गेली, आणि आईला सगळ्यांसमोर थांबवलं तर ती जन्मभर ऐकवणार.

वहीतला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. मी सरळ त्यांच्या शेजारी बसले आणि रिकाम्या हवेवर दोन्ही हात आडवे धरून दाखवले: असं ताट झाका. त्यांनी झाकलं, अगदी मापात. पण पहिला नकार आमच्याकडे कोण धरतो? आई वडा घेऊन आली. मी म्हटलं, अजून वाका. ते वाकले. ती बोटांच्या फटीतून वडा सरकवायला लागली. मी म्हटलं, आता पूर्ण आडवे. आणि सूट घातलेला तो सद्‌गृहस्थ छाती टेकवून ताटावर पालथा पडला.

मला हसू फुटलं. दुभाषीने हसू नये एवढं मला कळत होतं, पण मी भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होते. साहेब माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, संपलं.

पाहुणे ताटावरूनच आईकडे बघून म्हणाले, "फुतोप्पारा."

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"आईचं मन मोठं आहे म्हणतायत."

आई पदर सावरत म्हणाली, "छे, काय एक करूक नाय हो. गोड मानून घेवा."

समोर सात पदार्थ. साहेब म्हणाले, "हे नको सांगूस. लक्झरी जेवण आहे म्हणून सांग." 'गोका' माझ्या जिभेवर तयार होता. पण मी आईकडे पाहिलं आणि बाईंनी पहिल्याच महिन्यात घोटून घेतलेलं, यजमानाने म्हणायचं वाक्य म्हटलं: "नानी मो आरिमासेन गा." काहीच नाही, पण तरी.

पाहुणे उठून बसले. शर्टाला रस्सा लागला होता. सातही पदार्थांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, माझी आईही भरल्या ताटासमोर हेच म्हणायची. मग ते माझ्याहून जास्त हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

जिन्यात ते साहेबांना मोडक्या इंग्रजीत म्हणाले की पुढच्या वेळीही हीच मुलगी हवी. साहेब मला म्हणाले, "सोमवारपासून टायपिंगला बसू नकोस."

मी तीन तीन पायऱ्या ओलांडत वर आले. आई ताट उचलत होती.

"माझ्या जेवणाक काय म्हटलंस गो त्येका?"

"काहीच नाही केलं, असं सांगितलं."

"बरा केलंस," आई म्हणाली. "तसाच सांगूचा असता."