गाजरांना माती

वहिनीने आयुष्यभर भाजी धुतली, आणि चाळिशी ओलांडल्यावर तिच्या नशिबी भाजी मळवायचं काम आलं.

तिचे वडील, आबा, मंडईत भाजी विकायचे. लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसून मुळे घासायची, पिवळी पानं खुडायची. गिऱ्हाइकाच्या पिशवीत मातीचं ढेकूळ गेलेलं आबांना खपत नसे. "माती वजनात भरते बाई, ती चोरीच झाली," असं म्हणून ते पुन्हा तागडी उचलायचे.

तिला सगळे वहिनी म्हणत आणि तिच्या नवऱ्याला शेठ. शेठ कशाबद्दल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी त्याने पाण्याचे फिल्टर विकले, मग कंबरदुखीच्या गाद्या, मग मोबाईलची कव्हरं. प्रत्येक धंदा घराचं सोनं करणार होता आणि प्रत्येकाचा उरलेला माल माळ्यावर जाऊन बसला. शेवटी कुठल्याशा लग्नात त्याने दोन बायकांना सेंद्रिय भाजीवर तासभर बोलताना ऐकलं आणि त्याचे डोळे उघडले. म्हणजे त्याच्या मते उघडले.

चांगल्या वस्तीत गाळा घेतला. गोणपाट, वेताच्या टोपल्या, पिवळे दिवे, काळ्या फळीवर खडूने लिहिलेलं 'जवळचं, खरं, मातीतलं'. माल मात्र त्याच मंडईतून, त्याच ट्रकमधून यायचा. वहिनी मागच्या खोलीत बादलीत माती कालवून स्वच्छ गाजरांवर हात फिरवत बसायची.

"अगं, जरा सढळ हाताने लाव," शेठ पडद्यातून डोकं घालून म्हणायचा.

"लावू की फासू?"

"गिऱ्हाइकाला शेत दिसलं पाहिजे."

"मग त्यांना शेतावरच ने ना एकदा. कुठल्या शेतावर नेतोस ते मलाही बघू दे."

शेठ पडदा सोडून द्यायचा. अळीने खाल्लेली पालेभाजी मंडईत फेकून देतात. ती तो उचलून आणायचा आणि सगळ्यात वर मांडायचा. लोक भोकं मोजत असल्यासारखी जुडी उलटसुलट करत आणि अळीने खाल्ली म्हणजे औषध मारलेलं नाही, अशा समाधानाने मान हलवत. इतकी वर्षं आपण किडकी पानं उगाच टाकली, असं वहिनीला वाटायचं, आणि मग अशा गिऱ्हाइकांची तिला शिसारी यायची.

वर्षअखेरच्या थंडीतल्या सुट्ट्या लागल्या तशी दुकानात रीघ लागली. घरोघर मुलं, नातवंडं, पाहुणे येणार होते, आणि ताटातलं सगळं जवळपासच्या शेतातलं आहे असं पाहुण्यांना सांगता येणं ही त्या वर्षीची हौस होती. दारात मोठमोठ्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहत, आत मालकीणबाई धरणीमातेची काळजी करत. त्या दिवसांत जवळपास खरोखर पिकत होतं ते एवढंच: मुळा, पालक, गाजर आणि लाल भोपळा. भोपळा कुणालाच नको होता.

"सगळं जवळचंच हवंय हं," एक बाई म्हणाल्या. "आणि दोन अननस द्या."

"अननस जवळचाच आहे," शेठ म्हणाला.

"हो? कुठला?"

"हा काय, इथून सरळ गेलं की."

बाईंनी तीन घेतले.

गिऱ्हाइकांतल्या दातांच्या एक डॉक्टरीणबाई मात्र चौकस. त्यांनी विचारलं, "तुमचा शेतकरी कोण? चेहरा दिसला की खाल्लेलं अंगी लागतं." दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात शिरली तर गल्ल्यामागे आबांचा फोटो. सहलीत कुणाची तरी गवती टोपी डोक्यावर ठेवून हसत काढलेला. खाली लिहिलं होतं, 'आमचे शेतकरीदादा'. ज्या माणसाने जन्मात कुंडीत तुळसही लावली नव्हती, त्याला मरणानंतर जावयाने शेत मिळवून दिलं होतं.

"काढ तो," वहिनी म्हणाली.

"आबांचा चेहरा विश्वासू आहे गं. माझा लावला तर कोण घेईल?"

एवढ्या रागातही तिला हे पटलं. तेवढ्यात गिऱ्हाइकं आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

मग लोक आबांची चौकशी करू लागले. थंडीत दादांचे गुडघे दुखत नाहीत ना? मुलं बघतात ना त्यांना? शाळेच्या निवृत्त बाईंनी तर हाताने विणलेला स्वेटर आणून दिला. "पहाटे दव असतं, त्यांना सांगा घालायला," त्या म्हणाल्या. शेठने हात जोडून तो घेतला आणि संध्याकाळी स्वतः घालून पाहिला. बाह्या त्याला आखूड होत होत्या.

घरोघरच्या वर्षअखेरच्या जेवणांच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई गर्दीतून फोटोकडे पाहत म्हणाल्या, "दादांना निरोप द्या, गाजरं अगदी साखर होती."

वहिनीचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. ती पडदा सारून तशीच बाहेर आली.

"तुम्हीच द्या निरोप. ते माझे वडील. वारून कितीतरी वर्षं झाली. शेतकरी नव्हते, मंडईत बसायचे. गाजरंही मंडईतलीच. ही माती मी लावते, मागे बादली आहे, या बघायला."

शेठचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. आता लोक टोपल्या फेकतील, पैसे मागतील, असं वहिनीलाही वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. "अरेरे! म्हणजे आता शेत कोण बघतं?"

"मुलगा बघतो," शेठ क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. "हिच्या मनाला फार लागलंय, काहीबाही बोलते बिचारी."

सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एकीने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला, मग तोच हात पुढे करून गाजरं निवडली. गर्दी पुन्हा सुरू झाली. वहिनीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि ते इतकं कडू होतं की तिने ते गिळूनच टाकलं. हे लोक फसलेले नव्हतेच. त्यांना फसायचं होतं, आणि त्यासाठी ते दुप्पट भाव मोजत होते.

तिने खुर्चीवर चढून फोटो काढला, पदराने पुसला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. शेठने अडवलं नाही. गल्ल्यावर रांग होती.

दुसऱ्या आठवड्यात ती मंडईत, आबांची जागा चालवणाऱ्या भावाच्या शेजारी बसली. कुठली भाजी ट्रकने आली, कुठलीवर फवारणी झाली, हे ती विचारणाऱ्याला तोंडावर सांगायची. नदीपलीकडे एक म्हातारं जोडपं औषध न मारता मुळा आणि पालक पिकवायचं. ती स्वतः जाऊन त्यांच्याकडून जेमतेम एक पाटी आणायची. "आज बिनफवारणीचं एवढंच आहे. भोपळाही जवळचाच. बाकी सगळं लांबचं," ती म्हणायची. बहुतेक लोक नाक मुरडून पुढे जायचे. शाळेच्या निवृत्त बाई मात्र एकदा थांबल्या आणि त्यांनी अख्खा भोपळा घेतला.

शेठचं दुकान झोकात चाललं होतं. एकदा घरी जेवताना तो म्हणाला, "चल ना परत. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा बसत नाही."

"मग स्वतः बस मागे."

"माझी कंबर धरते गं."

"माळ्यावर गाद्या आहेत," वहिनी म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी पालक वाढला.