मास्तरांचा खिसा

नांदेडच्या आमच्या सामायिक छापखान्यात आम्ही चित्रकार लाकडी ठोकळे कोरतो आणि चाचा ते छापून देतात. शाई ते कानाने तपासतात. रोलर फिरवताना मान वाकडी करून ऐकतात अन् म्हणतात, "शाई अजून बोलून न्हाई राहिली. थांबा."

त्यांचा एक नियम कडक. ठरलेल्या प्रती निघाल्या की ठोकळ्यावर रेघ मारायची, म्हणजे चोरून जास्तीची प्रत निघत नाही. एकाने टाळाटाळ केली, तर चाचांनी त्याची चित्रं छापखान्याच्याच गॅलरीच्या भिंतीवरून उतरवली होती.

मी माझ्या वारलेल्या वडिलांचं, अण्णांचं चित्र कोरलं होतं. अण्णा शाळामास्तर होते. दहा प्रती झाल्यावर चाचांनी कोरणी माझ्यापुढे धरली. माझा हात उचलेना.

"चाचा, एवढा एक राहू द्या ना."

"न्हाई ताई. उसूल म्हंजी उसूल."

त्यांनी ठोकळा स्वतःकडे ओढला. मी तोंड फिरवलं. खर्रकन आवाज झाला.

मग रिवाजाप्रमाणे, रेघ मारल्याचा पुरावा म्हणून, त्यांनी रद्द ठोकळ्याची एक प्रत काढली. अण्णांचा चेहरा जसाच्या तसा होता. रेघ सदऱ्याच्या काळ्या खिशावर होती, उभी, पांढरी, पेनाएवढी.

चाचा हात पुसत म्हणाले, "मास्तरांचा खिसा रिकामा बरा दिसत नव्हता."