डावीकडची हाक

गेल्या माघात माझ्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. अलिबागच्या रुग्णालयात पंधरा दिवस काढून मी दिवेआगरला घरी परतलो, तेव्हा डावा हात जड झालेला होता आणि डावे पाऊल किंचित फरफटत होते. वाणी मात्र शाबूत होती. जन्मभर संस्कृत शिकवले, त्या मनुष्याला याहून मोठा प्रसाद कोणता? पहिल्याच सकाळी पडवीत बसून मी सगळे नित्यपाठ म्हणून पाहिले. एक अक्षर गळले नाही, एक स्वर ढळला नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई मला देवळात घेऊन गेली. प्रदक्षिणेत देव नेहमी आपल्या उजव्या हाताला असतो. त्यामुळे गाभाऱ्याभोवतीच्या माझ्या पाचही फेऱ्या बिनचूक झाल्या. तिने तिथूनच पुण्याला मुलाला फोन लावला, ‘‘बाबा अगदी पूर्वीसारखे झालेत.’’ उजवीकडे वळत राहणे हेच माझ्या दुखण्याचे लक्षण आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते आणि मला तर नव्हतेच.

पोथी उघडली की ओळीचा पूर्वार्ध पानावर नसे. पण तो मला मुखोद्गत होता, म्हणून त्याचे नसणे जाणवले नाही. जे दिसत नव्हते ते स्मरण भरून काढत होते, आणि मी वाचतो आहे असे सर्वांना वाटत होते.

स्मरणाला भरून काढता आली नाही, ती एकच गोष्ट म्हणजे हाक.

घरी आल्याला आठवडा झाला असेल. तिन्हीसांजेला झोपाळ्यावर बसलो होतो. समोर वाडी होती. वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपे आता कुठे कमरेएवढी झाली होती. अंगणात कोणी नव्हते. तेवढ्यात शब्द ऐकू आले, ‘‘अहो, ऐकलंत का?’’

आवाज माझ्या पत्नीचा होता. मी पाहिले. दारात कोणी नव्हते, तुळशीपाशी कोणी नव्हते. ‘‘अहो,’’ पुन्हा एकदा आवाज आला, अगदी कानाशी. मग काही नाही.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवण आहे की, हाक मारणारा दिसत नसेल तर तीन हाका झाल्यावाचून ओ देऊ नये. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसते ते दोनदाच मारते. वेदान्ताचे पाठ दिलेल्या मला हे सांगायला संकोच वाटतो, पण त्या संध्याकाळी सत्तर वर्षांचे अध्ययन बाजूला राहिले आणि आईने शिकवलेले तेवढे उरले. मी ओ दिली नाही. डोळे मिटून स्तोत्र म्हणत राहिलो.

मग ते रोजचे झाले. कधी झोपाळ्यावर, कधी पाटावर जेवताना. दोन हाका, कधी एक उसासा, कधी बांगड्यांचा आवाज. तिसरी हाक कधीच नाही. खुद्द पत्नी मला दिसत असे: उजव्या बाजूने चहा घेऊन येई, पेला हातात देई, दोन शब्द बोले, आणि समोरून पलीकडे जाता जाता वाक्य अर्धे असतानाच नाहीशी होई. दिवा मालवावा तशी. मला वाटे, ती गेली. आणि ती गेल्यावर तिच्या आवाजात दुसरेच कोणीतरी बोलू लागे. तिला हे कसे सांगावे? तिच्या जिवावर काही बेतले आहे की काय, या भीतीने मी गप्प राहिलो आणि जप वाढवला.

सूनबाई गावच्या शाळेत शिक्षिका आहे. एका प्रशिक्षणात ती माइंड मॅप शिकून आली होती. कागदाच्या मध्यभागी वर्तुळ काढायचे, त्यात विषय लिहायचा, आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या काढत मनातले सगळे मांडायचे. तिच्या मुलांना त्याचे वेड लागले होते. एका रविवारी दुपारी तिने झोपाळ्यावर मोठा कागद माझ्यापुढे ठेवला.

‘‘बाबा, मेंदूला व्यायाम. मधे ‘माझे घर’ लिहा आणि सुचेल ते जोडत जा. मेंदूचा डावा भाग हिशेबी असतो आणि उजवा कलावंत. दोघांनाही कामाला लावायचं.’’

‘‘आमच्या वेळी मेंदू एकच असे,’’ मी म्हणालो. ‘‘आणि तोही छडीने कामाला लागे.’’

पण काढताना गोडी लागली. एका फांदीवर देवघर, तिला पंचायतन आणि नंदादीप. दुसरीवर वाडी, तिला विहीर, नारळ, सुपारी. मग मुलगा, सून, शाळा, माझे विद्यार्थी. एक फांदी दुसरीला फुटत गेली. अक्षरे बारीक होत गेली, एकावर एक चढली, कारण जागा पुरेना. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, ‘‘झालं. सगळं आलं.’’

मग ती, माझी पत्नी, उजवीकडून पुढे आली आणि कागदावर वाकली. तिने चष्मा वर केला.

‘‘सगळं आलं? विहिरीचा रहाट आलाय. मांजर आलंय. मी कुठाय?’’

मी कागद पाहिला. ती खरोखरच नव्हती. मी म्हणालो, ‘‘तुझी जागा राखून ठेवली आहे.’’ मनात तसेच होते. पूजेला बसताना पत्नी उजवीकडे, एरवी ती डावीकडे. म्हणून तर तिला वामांगी म्हणायचे. मनातल्या मनात मी तिला वर्तुळाच्या डाव्या अंगाला योजले होते. पण तिथवर हात गेला नव्हता, कारण माझ्या लेखी कागद वर्तुळापाशीच संपत होता.

‘‘राखून ठेवलीत!’’ ती हसली, पण ते हसणे चांगले नव्हते. ‘‘अहो, अर्धा कागद कोरा आहे, आणि मांजराला जागा मिळाली. महिनाभर हाका मारतेय, मान वळवत नाही तुम्ही. झोपाळ्यावर शेजारी बसते, तर डोळे मिटून जप चालू. काय चुकलं ते तरी सांगा.’’

ती सांगत होती. पण सांगता सांगता ती झोपाळ्याच्या त्या बाजूला सरकली असावी, कारण शेवटचे शब्द मला पुन्हा त्या अदृश्य आवाजात आले. मी डोळे मिटले आणि स्तोत्र सुरू केले.

यापुढचे लिहिताना हात थांबतो. त्यानंतर हाका बंद झाल्या. पाच दिवस घर शांत होते. जपाचा प्रभाव पडला, असे मी मानले. पत्नी दिसत नव्हती, पण तिचे नाहीसे होणे आता नेहमीचेच झाले होते. सूनबाई वाढत होती, मी जेवत होतो, आणि मला बरे वाटत होते.

पाचव्या दिवशी दुपारी सूनबाईने फोन माझ्या उजव्या हातात दिला. मी तो उजव्या कानाला लावला.

‘‘औषध घेता ना वेळेवर?’’ पत्नीचा आवाज. स्वच्छ, जवळचा, जिवंत.

‘‘घेतो की. अगं, पण तू फोनवरून का बोलतेस? आहेस कुठे?’’

‘‘पनवेलला. लेकीकडे. निघताना तुमच्या पाया पडले मी. डाव्या पावलाला, ते अधू म्हणून, हलक्या हाताने शिवले.’’

मग, ती दूर आहे आणि सुखरूप आहे या विश्वासाने, इतके दिवस दडवलेले मी बोलून टाकले. ‘‘तू गेलीस ते बरंच झालं म्हणायचं. इथे काहीतरी होतं. तुझ्या आवाजात मला हाका मारायचं. दोनदाच मारायचं. मी ओ दिली नाही. आता गेलं ते.’’

‘‘कुठून मारायचं?’’

‘‘कुठूनच नाही. तेच तर.’’

‘‘अहो,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, ‘‘मीच होते हो ती.’’

तिने फोन सुनेला द्यायला सांगितला. दुसऱ्याच दिवशी सूनबाई तो कागद आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद पाहिला, माझ्या डाव्या बाजूला उभे राहून चुटकी वाजवली आणि मान हलवली. नजर अधू नाही, म्हणाले; मेंदू डाव्या दिशेची दखल घेत नाही. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत वसते, म्हणून तुमचे पाठांतर वाचले. पण डावीकडेही जग आहे, ही जाण मुख्यतः उजवा मेंदू राखतो. एक हिशेबी आणि एक कलावंत, हे फारच ढोबळ झाले. दोघे मिळूनच प्रत्येक काम करतात. उपाय एकच: सगळे महत्त्वाचे डावीकडे ठेवा, डावीकडूनच बोला, आणि यांना वळायला लावा.

पत्नी दुपारच्या एसटीने परत आली. पिशवी दारात ठेवून पाणीही न पिता झोपाळ्यावर बसली असावी; झोपाळा हलला एवढेच मला कळले. मग तो आवाज आला, जिथे काही नाही तिथून. ‘‘अहो.’’

सगळे ठाऊक असूनही अंगावर काटा आला. मी झोपाळ्याची कडी धरली आणि मान वळवू लागलो. प्रथम खांब आला, मग भिंत, मग भिंतही संपली असे वाटले आणि तरीही मी मान वळवत गेलो. एकाएकी एक चेहरा आला. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी दचकून मागे सरलो, आणि ते तिने पाहिले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या डोळ्यांत स्वतःविषयीचे भय पहिल्यांदा पाहिले.

‘‘भ्यालात,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

तिने पदराने डोळे टिपले. ‘‘भ्या. पण वळा.’’

आता दिवसातून शंभरदा ती मला वळवते. लिंबू, मीठ, चटणी पानात डावीकडे वाढते आणि ती सापडल्यावाचून भात वाढत नाही. मी वळतो. ती तिथे असते. परंतु हाक आणि चेहरा यांच्यामध्ये जो एक क्षण असतो, त्यात ती अजूनही माझी पत्नी नसते. तो आवाज कोणाचाही असू शकतो. हे मी तिला सांगितलेले नाही. तिला कळले असावे, कारण हल्ली हाक मारण्याआधी ती माझा जड हात आपल्या हातात घेते आणि मगच बोलते. तो हात मला पुरता कळत नाही. ऊब मात्र कळते.