अर्ध्या नोटेची पोच

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवतो. दारावर टांगायला म्हणून आणलेल्या लिंबाचं सरबत करून पिणारा माणूस मी! तरीही हे लिहितोय... हसायचं तर हसा, घरात रोज हसतातच.

माझे सासरे, नाना, अमळनेरला राहतात. जुन्या कागदी नोटा जमवायचा त्यांना नाद. संग्रहातली सगळ्यात लाडकी नोट म्हणजे राणीच्या काळातली पाच रुपयांची – एकाच बाजूला छापलेली, मागे कोरी. आणि अर्धीच! तेव्हा टपालाने नोट पाठवायची तर मधोमध कापायचे. आधी एक तुकडा पाठवायचा, तो मिळाल्याची पोच आली की मग दुसरा. म्हणजे वाटेत चोरी झाली तरी चोराला उपयोग नाही. नानांच्या पणजोबांकडे पहिला तुकडा आला, दुसरा कधी आलाच नाही.

"आपल्याच माणसानं पोच दिली नसेल," नाना म्हणायचे. "आळशी घराणं शे आमचं."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, नानांची नजर आता फार दिवस टिकणार नाही. नाना शांतपणे म्हणाले, "जावईबुवा, तेवढी नोट अख्खी बघायची राहिली." धुळ्याला जुन्या नोटा-नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे दुसरा तुकडा दिसलाच तर कडा जुळवून बघायला त्यांनी आपला तुकडा माझ्याकडे दिला. बायको म्हणाली, "बाबा, यांच्याकडे? हे भाजीची पिशवी भाजीवाल्याकडेच विसरतात!"

जळगावहून एसटीत बसलो. एरंडोल मागे पडलं. खिडकीतून गरम वारा, बाहेर उन्हात पांढरी पडलेली शेतं, इंजिनाची एकसुरी घरघर... माझी मान कधी कलली कळलंच नाही. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा. अंगाला जुन्या कागदासारखा वास. अगदी हळू, संकोचाने त्यांनी विचारलं, "नोट पोचली का हो?"

"पोचली ना," मी म्हणालो. "अमळनेरला. सुखरूप."

आजोबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, जणू कित्येक वर्षं तो छातीतच अडकला होता.

डोळे उघडले तर शेजारी एक मावशी, मांडीवर कैऱ्यांची पिशवी. "भाऊ, झोपेत कोणाशी बोलत होते? कोण शे अमळनेरला?"

"सासरे," मी म्हणालो.

"झोपेतबी सासऱ्याचा धाक!" मावशी खूश.

धुळ्यात हॉलभर हिंडलो. शेवटच्या टेबलावर एका ट्रेमध्ये फाटक्या नोटांचे तुकडे पडलेले. सगळ्यात वर एक अर्धी नोट. मी खिशातला तुकडा काढून शेजारी ठेवला. नंबर तोच! आणि कात्री जिथे डगमगली होती, तिथे दोन्ही तुकडे सारखेच डगमगले होते.

"हा कुठून आला?"

"आत्ता थोड्या वेळापूर्वी एक आजोबा देऊन गेले," विक्रेता म्हणाला. "पांढरी टोपी. पैसेसुद्धा घेतले नाहीत. म्हणाले, पोच आली, आता हे ठेवून काय करू?"

माझ्याकडून मात्र त्याने पैसे घेतले. भरपूर.

तसाच अमळनेरला गेलो. नानांनी खिडकीशी दोन्ही तुकडे जुळवले आणि भिंगातून बघत बसले. चहा निवून साय धरली तरी बघत होते. मी बसमधली हकिकत सांगितली. नाना उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या रिकाम्या, उन्हाने भरलेल्या गल्लीला हात जोडून म्हणाले, "दुसरीबी पोचनी, भाऊ."

ऊन लागलं होतं, योगायोग होता, विक्रेत्याने थाप मारली – सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली. पण पोचेची गोष्ट मी त्याला सांगितलीच नव्हती. बायकोला यात नवल वाटत नाही. ती म्हणते, "आयुष्यात एक काम वेळेवर केलंत, तेही झोपेत!"

नानांना आता दिसत नाही. दुपारी ते नोट मांडीवर घेतात आणि मधल्या वेड्यावाकड्या जोडावरून हलकेच बोट फिरवतात. उलगडा मला आजही झालेला नाही. फक्त एक... एसटीत आता कोणी काही विचारलं, तर मी झोपेतसुद्धा नीट उत्तर देतो.